गुडघ्याखालची उशी आधी काढा

प्रश्न: नमस्कार मॅडम, आईच्या (वय ६९) उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट पुण्यात झालं, आज २४ वा दिवस. आम्ही सांगलीजवळ गावात राहतो. डिस्चार्जला व्यायामाचा कागद दिला तोपण इंग्रजीत, फिजिओवाले एकदाच येऊन वॉकर धरून चालवून गेले. इथल्या डॉक्टरांनी बघितलं तर गुडघा जेमतेम ७० अंश वाकतो. रात्री ठणकतो म्हणून आई खाली उशी घेऊनच झोपते, शेजारच्या काकू म्हणतात तेल लावून चोळा. काय करू?

उत्तर: उशी आजच काढा. बरं वाटतं हे खरंय, पण पाय रात्रभर अर्धवट वाकलेला राहिला की तो तसाच आखडतो, मग सरळ होत नाही आणि चालताना लंगडतच राहतो. सगळे वाकण्याच्या मागे लागतात, सरळ होण्याकडे कुणाचं लक्षच नसतं. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा खाली गादीकडे दाबायला सांगा, ५ मोजेपर्यंत धरायचा, असं १०-१५ वेळा, दिवसातून तीन-चारदा. वाकवायला खुर्चीत बसवा, चांगल्या पायाने ऑपरेशनचा पाय हळूहळू मागे ढकलायचा. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या, आपल्याकडे बायका दुखणं सोसतात, गोळी नको म्हणतात आणि मग दुखतं म्हणून व्यायामपण नको, असं चक्र चालतं!

एव्हाना साधारण ९० तरी यायला हवा होता, म्हणून याच आठवड्यात सर्जनला दाखवा. व्यायाम करूनही गुडघा अडकूनच राहिला तर भूल देऊन वाकवून देतात, पण फार उशीर झाला की त्याचा उपयोग कमी होतो.

काकूंना नम्रपणे नाही म्हणा. पोटरी तर अजिबात चोळू नका, तिथे रक्ताची गुठळी असली तर सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पोटरी एकदम सुजली, दुखायला लागली किंवा दम लागला तर तडक हॉस्पिटल. जखमेतून पाणी, ताप, तेव्हापण थांबायचं नाही. बाकी थोडी सूज, गरमपणा काही महिने राहतो, बाहेरच्या बाजूला बधिर वाटतं, त्याला घाबरू नका.

प्रश्न: बाबांचंपण गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. इम्प्लांटची (आत बसवतात त्या कृत्रिम सांध्याची) किंमत सरकारने ठरवलीये ना, मग पॅकेज एवढं कसं?

उत्तर: ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली, कोबाल्ट क्रोम या मिश्रधातूचा सेट तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी. पण ती फक्त इम्प्लांटची. रूम, भूल, सर्जन सगळं वेगळं. इम्प्लांटचं स्टिकर फाइलला लावून मागाच, आणि पैसे भरायच्या आधी एवढं विचारा की घरी गेल्यावरचे फिजिओचे किती सेशन यात धरलेत. वरच्या ताईंना हे कुणी सांगितलंच नव्हतं.