दहा मिनिटांत रक्त बंद केलं, सिस्टरचं चुकलं का?

प्रश्न: नमस्कार सिस्टर, मी ऐरोलीहून लिहितेय. आईचं हिमोग्लोबिन ६ वर आलं म्हणून मागच्या आठवड्यात ॲडमिट केलं. रक्त चालू केलं आणि दहा मिनिटांत तिला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले. सिस्टरने लगेच रक्त बंद केलं, सलाईन लावलं आणि बॅग घेऊन गेल्या ती परत आणलीच नाही. त्या बॅगेसाठी भाऊ रात्री ठाण्यापर्यंत धावला होता हो. आम्ही खूप बोललो त्यांना. ताप उतरल्यावर उरलेलं चढवता आलं नसतं का?

उत्तर: ताई, तुमचा जीव तुटला ते कळतं मला, पण त्या सिस्टरने अगदी बरोबर केलं. थंडी वाजली की आधी रक्त बंद, बाकी सगळं नंतर. ती थंडी साध्या तापाची आहे की चुकीच्या ग्रुपचं रक्त गेल्याची, हे त्या क्षणी नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही, आणि चुकीचं असेल तर जितकं कमी आत जाईल तितका पेशंटला धोका कमी. म्हणून तर पहिली १५ मिनिटं रक्त हळू सोडतात आणि सिस्टर कॉटजवळून हलत नाही.

आणि एक बघितलंत का, त्यांनी सुई नाही काढली, फक्त सेट बदलला. जुन्या नळीत तेच रक्त भरलेलं असतं, त्यातूनच सलाईन सोडलं तर तेही आत जाणार, आणि सुई काढली नि बीपी पडलं तर पुन्हा शीर सापडता सापडत नाही, ती धावपळ मी वॉर्डात पाहिलीय. बॅग ब्लड बँकेत जाते, सोबत आईचं ताजं सॅम्पल, तिथे ग्रुप आणि क्रॉसमॅच, म्हणजे बॅगेतलं रक्त आईच्या रक्ताशी जुळतं का ते, परत करतात. लघवीही तपासतात, लाल आहे का म्हणून. नुसती अंगावर पित्तासारखी खाज उठली तर डॉक्टर औषध देऊन तीच बॅग हळूहळू पुन्हा चालू करतात कधीकधी, पण अशा हुडहुडीत नाही, शिवाय बॅग लावली की ४ तासांत संपवावी लागते.

अजून आठवडाभर आईकडे लक्ष ठेवा. काही रिॲक्शन उशिरा येतात, अगदी दोन आठवड्यांनीसुद्धा. डोळे पिवळे दिसले, लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा एकदम थकवा आला तर थांबू नका, त्याच हॉस्पिटलला दाखवा. आणि पुढे कधीही रक्त चढवायचं झालं तर हे आधी सांगा, डिस्चार्जचा कागद जपून ठेवा.