प्रश्न तुमचे : डोंगरावरची हट, एक रात्र आणि घरातली चौघं

प्रश्न : ताई, आम्ही चौघं. मी, मिस्टर, सोळा वर्षांची मुलगी आणि तेरा वर्षांचा मुलगा. सुट्टीत डोंगरावरच्या एका हटमध्ये, म्हणजे चालणाऱ्यांसाठीच्या मुक्कामाच्या निवाऱ्यात, रात्र काढून दुसऱ्या दिवशी खाली यायचा बेत आहे. वाट ९ किलोमीटरची, चढ ९०० मीटरचा, हट २१०० मीटर उंचीवर. आम्ही दोघं पूर्वी बरंच फिरलोय, पण आता उतरताना मिस्टरांचा उजवा गुडघा दुखतो. मुलगा एका पायावर तयार आहे. मुलगी म्हणते, 'तुम्ही जा, मी आजीकडे राहते.' तिला ओढून न्यावं का? एवढं चालणं मुलांना झेपेल का? शिवाय तिची पाळी नेमकी त्याच दिवसांत येईल असं दिसतंय.
– एक आई

उत्तर : ओढून नेऊ नका. पण 'बरं, राहा आजीकडे' असंही इतक्यात म्हणू नका. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात वाट ठरली आहे, हट ठरली आहे, दिवसही ठरलेत. मुलीला विचारून यातलं काय ठरलं, ते कुठेच दिसलं नाही. सोळाव्या वर्षी दुसऱ्यांनी आखलेल्या वाटेवर सॅक घेऊन मागून चालायचं, तर 'नाही' हा एकच निर्णय तिच्या हातात उरतो. तो तिने घेतला.

तेव्हा नकाशा तिच्यासमोर ठेवा आणि बेत पुन्हा पहिल्यापासून मांडा. याच हटला जाणाऱ्या दोन वाटा असतील तर कुठली घ्यायची, हे तिला ठरवू द्या. जागा मिळत असेल आणि समोरच्या घरची परवानगी असेल तर एखादी मैत्रीण बरोबर येऊ द्या, त्याने फार फरक पडतो. आणि वेळेचा हिशेब तिच्याकडेच सोपवा. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेलं गणित आजही जगभर वापरतात : सपाटीला ५ किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. तुमच्या वाटेला लावून पाहा. अंतराचे पावणेदोन-दोन तास, चढाचा दीड तास, म्हणजे साधारण साडेतीन. पण हे झालं सरावातल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचं. कुटुंबासाठी मी त्यात निम्मा वेळ वाढवते आणि थांब्यांचा एक तास वेगळा धरते. म्हणजे सहा-सव्वासहा तास. डोंगरात उन्हाळ्यातली गडगडाटी वादळं बहुतेक दुपारनंतर उठतात, म्हणून एकपर्यंत हटवर पोहोचायचं, तर सातच्या आत पाय वाटेला लागले पाहिजेत.

इथे एक अडचण येते. वयात येणाऱ्या मुलांची झोपेची वेळच पुढे सरकते, कारण झोप आणणारा मेलाटोनिन त्यांच्या शरीरात उशिरा वाढतो. रात्री दहाला डोळा लागत नाही आणि पहाटे उघडत नाही. याला आळस म्हणू नका. शक्य असेल तर आदली रात्र वाटेच्या पायथ्याजवळ काढा, सॅक रात्रीच भरून ठेवा आणि सकाळी पहिला अर्धा तास कुणी काही बोललं नाही तरी चालवून घ्या.

मुलांना झेपेल का, याचं उत्तर मी त्यांच्या वयावरून देणार नाही. निघण्याआधीच्या महिन्यात तीन-चार वेळा सॅक पाठीवर घेऊन चढ-उतारावर चालून पाहा, सगळ्यात हळू कोण ते कळेल. बेत त्याच्या चालीने आखा. बहुधा ते तुमचे मिस्टर असतील, आणि तेही चढताना नाही, उतरताना. म्हणून दुसऱ्या दिवसाला सोपा दिवस समजू नका. चालायच्या काठ्या दोन घ्या, उतारावर थोड्या लांब करा, पावलं लहान टाका आणि त्यांच्या सॅकमधलं जड सामान तुम्ही घ्या.

तेरा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्क्यांच्या वर काही नको. ४० किलोचा मुलगा असेल तर चार ते सहा किलो. त्यातला दीड-दोन किलोचा भार नुसत्या पाण्याचा होतो, कारण चढावर तासाला अर्धा लिटर तरी लागतं. वाटेत भरवशाचं पाणी कुठे आहे ते आधीच शोधून ठेवा.

आता बुटांबद्दल. हे मी मोठ्या किमतीने शिकले, म्हणून सविस्तर लिहिते. माझी मुलगी चौदाची असताना तिला निघण्याच्या आठवड्यात नवे बूट घेतले. सकाळी निघताना मी म्हटलं, 'आज कुरकुर ऐकायची नाही हं.' दुसऱ्या तासाला तिच्या टाचेला चटका बसायला लागला. ती बोलली नाही. हटच्या बाकावर बसून तिने मोजा काढला, तर तो टाचेला चिकटला होता. पाणी लावून हळूहळू सोडवला, तेव्हा त्याबरोबर रुपयाएवढी कातडी निघून आली. मी विचारलं, 'सांगितलं का नाहीस?' ती म्हणाली, 'तूच म्हणालीस ना.' तेव्हापासून आमच्यात चालायला लागल्यावर वीस मिनिटांनी पहिला थांबा असतो. सगळे बसतात, सगळे बूट काढतात, मोठी माणसंसुद्धा. कुठे लाल दिसलं, चुरचुरलं, की फोड यायच्या आधी तिथे चिकटपट्टी. चटका लागला की लगेच बोलायचं, हे निघतानाच मुलांना सांगा. तुमच्या मुलीला तर आधी सांगा, कारण मनाविरुद्ध आलेली मुलं दुखणं लपवतात.

कपड्यांचं थोडक्यात : दर १००० मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे हटवर पायथ्यापेक्षा सहा अंश कमी धरा, वारा वेगळा. सुती कपडा भिजला की वाळत नाही आणि अंग गार पडतं. एकावर एक पातळ थर, वरून पाऊस-वारा अडवणारं जाकीट, आणि रात्रीसाठी कोरडे मोजे पिशवीत बंद. २१०० मीटरवर उंचीचा त्रास सहसा होत नाही. पुढे कधी २५०० च्या वर झोपायचा बेत केलात तर मात्र मुलांची डोकेदुखी आणि मळमळ गांभीर्याने घ्या.

पाळीचं. तिच्याशी मोकळेपणाने बोला, पण सगळ्यांसमोर नको. कदाचित 'आजीकडे राहते'मागचं अर्धं कारण हेच असेल. हटमध्ये मोठ्या खोलीत अनोळखी माणसांच्या शेजारी बंकवर झोपायचं, स्वच्छतागृह बाहेर, अंधारात जायचं, ही धास्ती खरी आहे. हटमध्ये पाणी आणि स्वच्छतागृहाची सोय काय आहे ते आधी फोन करून विचारा आणि तिला जसंच्या तसं सांगा. तिची वेगळी लहान पिशवी असू द्या : नेहमीपेक्षा जास्त पॅड, ओले रुमाल, पोटदुखीवर तिला चालणारी गोळी, हेडटॉर्च, आणि वापरलेलं परत खाली आणायला एकात एक घातलेल्या दोन घट्ट पिशव्या. रात्री लागलं तर मला उठव, मी बरोबर येते, हे आधीच सांगून ठेवा.

हटमधले नियम साधे असतात. बूट बाहेर, आत हलक्या चपला, स्वतःचा झोपायचा लाइनर (आत शिरून झोपायची पातळ कापडी पिशवी), दहाला दिवे बंद. पहाटे प्लास्टिकच्या पिशव्या चुरचुरवल्या की अख्खी खोली जागी होते, तेव्हा सामान कापडी पिशव्यांत भरा. बेत रद्द झाला तर आवर्जून कळवा. न कळवलं तर तिथला माणूस तुम्ही वाटेत अडकलात असं समजून शोध सुरू करू शकतो.

एक गोष्ट घरीच ठरवा : परत फिरायची वेळ. अमुक वाजता अमुक जागी पोहोचलो नाही, तर मागे. आणि ते म्हणायचा हक्क चौघांनाही. आमच्याकडे एकदा घड्याळ मुलाकडे होतं, तो पंधराचा. खिंडीत साडेबाराच्या आत पोहोचायचं ठरलं होतं. खिंड अजून वर होती आणि तो थांबून म्हणाला, 'साडेबारा.' आकाश स्वच्छ होतं. मागे फिरलो. पुढेही पाऊस आला नाही, संध्याकाळपर्यंत ऊन होतं. खाली आल्यावर त्याने विचारलं, 'माझं चुकलं का?' मी नाही म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. त्या दिवशी आम्ही त्याचा शब्द मोडला असता, तर पुढच्या वेळी तो बोललाच नसता.

प्रश्न : माझा पंधरा वर्षांचा मुलगा चालायला लागला की वाऱ्यासारखा पुढे जातो. मी मागे, धापा टाकत. एकत्र कसं राहावं?
– एक बाबा

उत्तर : दादा, त्याला मागे ओढत राहिलात तर दिवसभर भांडण होईल. पुढे जाऊ द्या, पण तुमच्या नजरेच्या टप्प्यात. वाट फुटेल तिथे, ओढा आडवा येईल तिथे थांबायचंच, आणि तुम्ही पोहोचल्यावर लगेच निघायचं नाही. तुमचा दम खाली बसेपर्यंत त्याने बसायचं. पुढे जाऊन थांबणारा ताजातवाना होतो आणि मागचा येताच चालू लागतो, त्यात मागच्याला विश्रांतीच मिळत नाही. नकाशा, पाणी, ऊबदार कपडा आणि शिट्टी दोघांकडेही हवी. सगळं एकाच्या सॅकमध्ये नको. नकाशा फोनमध्ये असेल तर तो घरीच डाउनलोड करून घ्या आणि फोन अंगाशी ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायला त्याला शिकवा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आलं तर धारेवरून, उघड्यावरून खाली उतरायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर जायचं नाही.

चुकामूक झाली तर शोधत फिरायचं नाही, आहे तिथेच थांबायचं आणि खूण द्यायची : शिट्टी किंवा टॉर्च, मिनिटात सहा वेळा, म्हणजे दर दहा सेकंदांनी एकदा. मग एक मिनिट शांत. मग पुन्हा. ऐकणाऱ्याने मिनिटात तीन वेळा उत्तर द्यायचं. निघायच्या आधी एका संध्याकाळी उघड्या मैदानावर तुम्ही दोघं लांब उभे राहा आणि हे करून पाहा. सहा त्याने द्यायच्या, तीन तुम्ही.