विणली नव्हे, वळली

एका वाचकाचा प्रश्न : अमेरिकेतील नेव्हाडाच्या वॉशो जमातीतल्या दात सो ला ली यांच्या जुन्या छायाचित्राखाली 'वेताच्या टोपल्या विणणारी' अशी ओळ आहे. 'विलो'ला वेत म्हणणे बरोबर का?

नाही. विलो म्हणजे वाळुंज. वेत ही ताडाच्या कुळातली काटेरी वेल, नेव्हाडात ती येणार कुठून? पण त्या ओळीतली मोठी चूक आहे 'विणणारी'. टोपली दिसली की 'विणली' म्हणायचे, हे ऐकून मी वैतागलो आहे.

विणायला उभे-आडवे लागते. आपल्याकडे बुरूड बांबूच्या बेळा एकीखाली एक सारतात, तिथे विणणे शोभते. दात सो ला लींची 'देगिकप' घाटाची टोपली वेगळीच : तळ लहान, पोट फुगलेले, तोंड पुन्हा आवळलेले. वाळुंजाच्या तीन बारीक काड्यांची जुडी चुंबळीसारखी गोल फिरवत न्यायची, आरीने खालच्या फेरीत भोक पाडायचे आणि वाळुंजाच्याच चिरून काढलेल्या दोऱ्याने टाका घालायचा. 'बीकन लाइट्स' या टोपलीला त्यांना १९०४-०५ मध्ये वर्षाहून अधिक काळ लागला. यात विणलेले काय आहे? जुडी वळलेली आहे आणि टाके शिवलेले आहेत. वात वळतो, लाडू वळतो, दोरी वळतो, मूठ वळते. इतके नेमके क्रियापद घरात असताना 'विणणे' कशाला?

आता वेताकडे. आपट्यांच्या संस्कृत कोशात 'वेतस' म्हणजे वेत, बोरू. मला हे पटत नाही. पारशांच्या अवेस्ता या ग्रंथातला 'वएति' म्हणजे वाळुंज, फारसी 'बेद' म्हणजे वाळुंज (युनानी वैद्यांचा बेदमुश्क तोच), जर्मन 'वाइडे' वाळुंज, ग्रीक 'इतेआ'ही वाळुंजच. सगळे एकाच धातूचे, आणि त्याचा अर्थ वाकवणे, पिळणे. एवढी भावंडे वाळुंज म्हणत असताना एकट्या वेतसाने पहिल्यापासून वेत म्हटले असेल? माझ्या मते लवचीक फांदीचे वाळुंज हाच मूळ अर्थ. उष्ण मुलखात आल्यावर तितक्याच लवचीक वेलीला ते नाव मिळाले. म्हणजे ओळ लिहिणारा झाडात चुकला, तरी नकळत शब्दाच्या जुन्या घरी पोचला. वळण्यासाठीच ज्याचे नाव पडले त्या झाडाच्या टोपलीला 'विणली' म्हणणे मला म्हणूनच अधिक खुपते.

आणखी एक. कार्सन सिटीचे कापडव्यापारी एब कोन आणि त्यांच्या पत्नी एमी यांनी १८९५ पासून या बाईंना आश्रय दिला. एमींनी टोपल्यांची वही ठेवली, छायाचित्रे काढवली आणि विक्रीसाठी कहाण्याही रचल्या. १९२५ मध्ये वारलेल्या या थोर कारागिराला मराठीत तरी एकेरीत ढकलू नका. ओळ अशी करा : 'वाळुंजाच्या टोपल्या वळणाऱ्या दात सो ला ली'.