ई-इंक टॅब घ्यावा की आयपॅड? प्रूफं तपासणारीचं उत्तर

प्रश्न असा आहे : टिपणं, वाचन आणि रोजच्या कामांचं नियोजन यासाठी ई-इंक टॅब, म्हणजे कागदासारख्या पडद्यावर पेनानं लिहायचा टॅब, घेण्यात अर्थ आहे का? तेवढ्याच पैशांत आयपॅड येतो आणि घरचे म्हणतात, काळं-पांढरं खेळणं कशाला?

'खेळणं' हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. माझ्या टॅबलाही हाच शब्द लावला गेला होता, तोही ज्यांच्याकडे मी काम शिकले त्यांच्या तोंडून.

मी प्रूफं तपासते, म्हणजे छपाईआधीच्या पानांतल्या चुका शोधून खुणा करते. राहते साताऱ्यात, काम पुण्याचं. वर्षभर पुस्तकं असतात आणि श्रावण लागला की दिवाळी अंक. २४८ पानांच्या एका अंकाची तीन प्रूफं म्हणजे साडेसातशेच्या जवळपास पानं. ती घरी छापायची, तपासायची आणि परत एसटीच्या पार्सलनं पाठवायची, नाहीतर एकेका पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायचा. फोटोत पानाची कड वाकडी आली की संगणकावर दुरुस्त्या करणाऱ्या ऑपरेटरचा फोन ठरलेला. या कटकटीपायी २०२२ च्या जुलैत मी १०.३ इंची टॅब घेतला.

ज्यांच्याकडे शिकले ते आमचे अण्णा चाळीस वर्षं छापखान्यात होते. त्यांचं म्हणणं एकच : पडद्यावर चुका दिसत नाहीत, कागदावर बोट ठेवून वाच. संगणकापुरतं हे शंभर टक्के खरं आहे, मी स्वतः भोगलंय. मजकूर सरकवत वाचला की डोळाही त्याच्याबरोबर सरकतो आणि 'आणि' दोनदा छापलेलं असलं तरी एकदाच वाचतो. पण ई-इंकचं पान सरकत नाही. काळे-पांढरे कण एकदा जिथे बसले तिथेच बसून राहतात. पान बदलेपर्यंत त्यांना विजेचीही गरज नसते. मागून डोळ्यांवर उजेड येत नाही, खिडकीतला उजेड पानावर पडतो आणि आपण वाचतो, कागदावर पडतो तसाच. शिवाय हातात पेन असतं. वाचताना ते प्रत्येक शब्दाखालून पुढे जातं, म्हणजे अण्णांचं बोटच ते. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "खेळण्याला खेळणंच म्हणतात."

आता त्या वर्षाच्या अंकाचं सांगते. दसरा ५ ऑक्टोबरला होता आणि लक्ष्मीपूजन २४ ला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेवटचं प्रूफ आलं. रात्रभर बसून ६१ दुरुस्त्या केल्या, पीडीएफ एक्स्पोर्ट करून पहाटे पाठवली आणि झोपले. अंक हातात आला. त्यात एका गायकांवर त्यांच्या शिष्येनं लिहिलेला लेख होता आणि शीर्षकात, ठळक टाइपात, 'गुरूवर्य'.

ज्यांना यात काय बिघडलं असं वाटेल त्यांच्यासाठी : 'गुरू' एकटा असला की रू दीर्घ, पण सामासिक शब्दात मूळ संस्कृतातला ऱ्हस्व राहतो, म्हणून 'गुरुवर्य'. 'कवी' आणि 'कविवर्य' तसंच. मुद्रितशोधक म्हणून तुमचं नाव जिथे छापलंय त्या अंकात हे शीर्षकात चुकणं म्हणजे काय, ते या कामातल्या माणसालाच कळेल. लेखिकेचा फोन आला. ती रागावली नाही, नुसतं म्हणाली, "ताई, त्यांना स्वतःला हे चाललं नसतं." दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

मी ती दुरुस्ती केली होती. पाठवलेली फाइल पुन्हा उघडली तेव्हा दिसलं, खूण तिथे होती. पण पेन काळं. जाड काळ्या उकारावर बारीक काळी रेघ, आणि खाली काढलेला ऱ्हस्व उकार शीर्षकाखालच्या वेलबुट्टीत मिसळून गेलेला. ऑपरेटरनं अख्खं पान एका नजरेत बसवून बघितलं, त्याला ते दिसणं शक्यच नव्हतं. ६१ पैकी अशा चार दुरुस्त्या गेल्या, आणि चारही ठिकाणी मी समासात, म्हणजे पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेत, काही लिहिलं नव्हतं. उरलेल्या ५७ ठिकाणी समासात खूण होती आणि त्या सगळ्या झाल्या होत्या.

अण्णांनी अर्थातच फोनवर "तरी मी म्हणत होतो" म्हटलं. तेव्हा मी गप्प बसले, कारण चूक माझी होती. पण चूक पडद्याची नव्हती, हे मला तेव्हाही म्हणायचं होतं आणि आज म्हणते. चूक माझ्या डोळ्यांना दिसली होती, म्हणजे पडद्यानं त्याचं काम केलं होतं. मी मोडला तो अण्णांचाच नियम : मजकुरात खूण, समासात दुरुस्ती, दोन्ही नसतील तर दुरुस्ती केलीच नाही असं समजायचं. कागदावर पेन्सिलीनं काम केलं असतं तरी हेच झालं असतं. आता मी पेनाचा रंग लाल ठेवते. पडद्यावर तो राखाडीच दिसतो, पण एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये लाल उमटतो. हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी मी हट्टानं एक १६ पानी फॉर्म, म्हणजे एकत्र छापला जाणारा सोळा पानांचा गठ्ठा, अण्णांना कागदावर दिला आणि तोच मी टॅबवर वाचला. त्यांना नऊ चुका सापडल्या, मला अकरा, त्यातल्या सात सारख्या. अण्णा म्हणाले, "तुझे डोळे तरुण आहेत." असतील. पण मग पडद्यावर चुका दिसत नाहीत हे म्हणणं तरी सोडायला हवं होतं. अजून सोडलेलं नाही.

तर तुमचा प्रश्न. पेन घेऊन वाचायची सवय असेल, म्हणजे पुस्तकाच्या कडेला लिहिणारे, ओळीखाली रेघा मारणारे असाल, तर ई-इंक टॅब बेलाशक घ्या. आयपॅडशी तुलनाच करू नका. आयपॅडवर वाचायला बसलं की पाचव्या मिनिटाला वरून कुणाचा तरी मेसेज डोकावतो.

वाचनासाठी आकार बघा. १०.३ इंची पडदा म्हणजे साधारण १६ बाय २१ सेंटिमीटर. डेमी आकाराचं, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या मापाचं, मराठी पुस्तक त्यात जवळजवळ मूळ मापात बसतं. ए४ मात्र ७० टक्क्यांवर येतं, तिथे रफार आणि अनुस्वार बघताना डोळे ताणावे लागतात. म्हणून ठिपक्यांची दाटीही बघा. रीमार्केबल २ या टॅबमध्ये इंचाला २२६ ठिपके आहेत, किंडल स्क्राइबमध्ये ३००. इंग्रजी वाचणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही, बारीक देवनागरी वाचणाऱ्याला जाणवतो. रीमार्केबल २ ला स्वतःचा उजेडही नाही, दिवा लावूनच बसावं लागतं, आणि मला ते आवडतं. बूक्स कंपनीचे टॅब अँड्रॉइडवर चालतात, त्यामुळे त्यात मराठी ॲपं घालता येतात, पण मग मेसेजही येतात.

साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर कितीतरी जुनी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, ती अशा टॅबवर वाचणं हे मोठं सुख आहे. पण जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टांत जुळवलेल्या फाइलीत शब्द शोधायला जाऊ नका. डोळ्यांना मराठी दिसतं, यंत्राला ती रोमन अक्षरांची खिचडी असते. अशा पानावर हातानं लिहिता मात्र येतं, कारण पेनाला फॉन्टशी देणंघेणं नाही. माझं अर्धं काम त्यावरच चालतं.

नियोजनासाठी घेत असाल तर घेऊ नका. हे स्पष्टच सांगते. माझा टॅब माझं मराठी हस्ताक्षर ओळखत नाही, त्यामुळे लिहिलेलं शोधता येत नाही. इंग्रजी ओळखतो, पण मी दुधाचा हिशेब आणि प्रूफांच्या तारखा इंग्रजीत का लिहू? मी प्रत्येक वहीचं पहिलं पान अनुक्रमणिकेला ठेवते आणि हातानं भरते. प्रत्येक प्रकाशकाची एक वही आहे. कोण '१९ वे' लिहितं, कोण 'एकोणिसावे', कुणाला 'ॲ' हवा आणि कुणाला 'अ‍ॅ', हे त्यात असतं. मराठी साहित्य महामंडळाच्या १८ लेखननियमांचं पान सगळ्या वह्यांत अनुक्रमणिकेनंतर लगेच. पण ही शिस्त कागदाच्या वहीतूनच आली. जिची कागदी डायरी फेब्रुवारीत रिकामी पडते तिची टॅबवरचीही पडणार. अण्णांच्या खिशात रबर लावलेली छोटी डायरी असते आणि चाळीस वर्षांत त्यांनी एकही तारीख चुकवलेली नाही. या बाबतीत ते माझ्यापुढे आहेत, हे मान्य.

राहिलेल्या गोष्टी. रंगीत नकाशे, मुलांची सचित्र पुस्तकं, व्हिडिओ लागत असतील तर आयपॅडच घ्या. पेनाच्या निबा झिजतात, हंगामात माझी एक महिनाभर पुरते, तो खर्च धरा. सुपरनोट नावाच्या टॅबच्या पेनाचं टोक सिरॅमिकचं असतं, ते झिजत नाही. भरधाव पानं उलटायची सवय असेल तर मागच्या पानाची पुसट सावली आधी खटकेल. आणि माझा नऊ-अकराचा हिशेब एकाच फॉर्मचा आहे, त्यावरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं.

घेतलात तर पहिल्याच दिवशी पेनाचा रंग लाल करा. मग एक पान लिहून एक्स्पोर्ट करा आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी संगणकावर उघडून, तुमच्या खुणा त्याला न सांगता सापडतात का ते बघा.