ओटीपोटाचं दुखणं आणि हलक्या हाताची मालीश

प्रश्न : आई ७३ वर्षांची आहे. ओटीपोट आणि जांघा सतत ओढल्यासारख्या दुखतात. सोनोग्राफी, लघवीची तपासणी सगळं व्यवस्थित आलं. मालीशवाल्या मावशी म्हणतात, जोर लावल्याशिवाय शिरा मोकळ्या होणार नाहीत. लावू द्यावा का? (सांगली)

अजिबात नको. माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंचा पट्टा असतो. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय यांना त्याचाच आधार. दुखायला लागलं की हे स्नायू आवळतात, आणि आवळले की आणखी दुखतं. वरून जोरात दाबलं तर शरीर बचावासाठी ते अजूनच घट्ट धरतं. त्यात या वयात कातडी पातळ आणि हाडं ठिसूळ झालेली असू शकतात.

घरी करायचं असेल तर आईंना कुशीवर झोपवा, गुडघ्यांमध्ये उशी द्या. तेल तिळाचं असो वा खोबरेल, कोमट करून आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा. सुरुवातीला तळवा कमरेवर नुसता ठेवा, चोळू नका. श्वास घेताना पोट फुगू द्यायला सांगा. त्या श्वासाबरोबर तळाचे स्नायू आपोआप सैल पडतात. मग कमरेखालचं त्रिकोणी हाड, कुल्हे, मांडीची बाहेरची आणि शेवटी आतली बाजू. जांघेच्या खाचेत दाब द्यायचा नाही. पिकलेला चिकू चाचपताना बोट जेवढं दाबतो, तेवढाच दाब पुरे.

पोट साफ होत नसेल तर जेवणानंतर तास-दोन तास जाऊ द्या आणि आईंना उताणं झोपवून गुडघ्यांखाली उशी द्या. उजव्या जांघेच्या वरून बरगडीपर्यंत, तिथून आडवं डावीकडे आणि मग खाली, असा हात फिरवा. मोठ्या आतड्याची दिशा हीच आहे. सगळं मिळून दहा मिनिटं पुरतात.

हात चालू असताना लक्ष आईंच्या चेहऱ्याकडे असू द्या. आपल्याकडच्या बायका ‘काही नाही गं, चालू दे’ म्हणत सोसत राहतात. कपाळाला आठी पडली, श्वास अडला, पायाची बोटं वळली की दाब जास्त होतोय. आणि ‘आता या वयात दुखायचंच’ हे त्यांना कुणी ऐकवू नका. पंधरवड्यात उतार पडला नाही, तर या स्नायूंचं काम जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टला दाखवा.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. बसलं की बैठकीच्या जागी, अंडकोशाच्या मागे दुखतं. प्रोस्टेटची तपासणी ठीक आहे, अँटिबायोटिक्स घेऊन उपयोग झाला नाही. मालीशचं नाव काढलं की संकोचतात. (नाशिक)

संकोच समजण्यासारखा आहे. पण हे स्नायू पुरुषांनाही असतात आणि जंतुसंसर्ग नसताना याच जागी दुखणारे पुरुष बरेच असतात. उपचाराची सुरुवात कपड्यांवरूनही करता येते : कुल्हे, मांडीची आतली बाजू, पोटाचा खालचा भाग. काही रुग्णांत प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट हातमोजे घालून गुदद्वारातून स्नायू तपासतात आणि सैल करतात. ते रुग्णाने होकार दिल्यावरच, आणि मध्येच ‘थांबा’ म्हणायचा हक्क त्याचा. घरच्या माणसाने किंवा मालीशवाल्याने हे कधीही करायचं नाही. तोवर वडिलांना दर अर्ध्या तासाने उठून चार पावलं चालायला सांगा.

प्रश्न : मैत्रिणीने कीगलचे व्यायाम सांगितले. केल्यापासून दुखणं वाढलंय. वय ६५. (पणजी)

थांबवा. कीगल म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम. ते सैल पडून लघवी गळत असेल तर उपयोगी. तुमचे आधीच आवळलेले असावेत, पण ते तपासल्यावरच नक्की कळेल. पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणानेही आग आणि दुखणं होतं, त्यावर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे साधी मलमं आहेत. विचारायला लाजू नका.

प्रश्न : सासूबाई आठवड्यापूर्वी बाथरूममध्ये पडल्या. चालताना जांघेत कळ येते. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. मालीश करू का? (सोलापूर)

आत्ता हात लावू नका, आजच अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या आणि गोळीचंही सांगा. म्हाताऱ्या माणसांत साध्या पडण्यानेही खुब्याचं किंवा ओटीपोटाचं हाड मोडतं, आणि तरीही माणूस थोडाफार चालतो. या गोळीवर नंतरही मालीश डॉक्टरांना विचारूनच, नाहीतर हलक्या दाबानेही काळंनिळं होतं. एकच पाय सुजून पोटरी दुखत असेल तर ती रक्ताची गुठळी असू शकते. तिथे चोळणं धोक्याचं. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव, लघवीतून रक्त, लघवी अडणं, ताप किंवा कारण नसताना वजन उतरणं यांतलं काहीही दिसलं तर तेलाची वाटी बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठा.