फ्रेममधली वाळू ओलावते

प्रश्न : यहुदी घरांत जेरुसलेमची, म्हणजे प्रार्थनेची दिशा दाखवायला भिंतीवर टांगतात त्या ‘मिझराह’ पाटीसारखं कोलाज केलं: पुठ्ठा, डाळिंबाची पानं, रेवदंड्याची वाळू. पावसाळ्यात वाळू ओलावली, पुठ्ठा वाकला. काय चुकलं? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : वाळूतलं मीठ नडलं. ते हवेतला ओलावा ओढतं. वाळू गोड्या पाण्यात चार-पाचदा धुवा. शेवटचं पाणी ताटलीत वाळवून पाहा. पांढरा थर उरला तर पुन्हा धुवा, मग कडक उन्हात वाळवा. पुठ्ठ्याऐवजी 6 मिमी प्लायवूड बरं. त्यावर चिकटवलेला कागद सुकताना आकसून त्याला ओढतो, म्हणून मागेही तसाच कागद चिकटवा. पानं रद्दीत दोन आठवडे दाबा, पहिले चार दिवस रद्दी रोज बदला. अर्धवट सुकलेल्या पानालाच बुरशी धरते.

मिझराह म्हणजे पूर्व खरी, पण कोकणातून जेरुसलेम पश्चिमेला, किंचित वायव्येकडे. टांगताना भिंत ती निवडा.