एका सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे, मग गेटवे किती?

प्रश्न : माझ्याकडे उबुंटू सर्व्हर असून त्यावर ग्राफिक डेस्कटॉप नाही. एक कार्ड इंटरनेटच्या राउटरला जोडले आहे आणि त्याचा पत्ता १९२.१६८.१.१० आहे. दुसरे कार्ड अंतर्गत जाळ्यात असून त्याचा पत्ता १०.२०.०.५ आहे. दोन्ही कार्डांना मी आपापला गेटवे दिला. आता रीस्टार्टनंतर कधी इंटरनेट चालते, तर कधी चालत नाही. शिवाय १०.३०.०.० या पलीकडच्या जाळ्यातून सर्व्हरच्या पहिल्या पत्त्यावर पिंग केले तर उत्तर येत नाही. चूक कोठे आहे?

उत्तर : चूक दुसऱ्या गेटवेत आहे. पत्ता कार्डाला द्यायचा असतो, म्हणून गेटवेही प्रत्येक कार्डाला द्यावा असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु डीफॉल्ट गेटवे ही संपूर्ण यंत्राच्या राउटिंग तक्त्यातील नोंद असते आणि ‘ज्या पत्त्यासाठी दुसरा कोणताही मार्ग ठाऊक नाही, ते पॅकेट येथे द्यावे’ एवढाच तिचा अर्थ असतो. अशा दोन नोंदी असल्या की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ज्या नोंदीचे मेट्रिक, म्हणजे पसंतीक्रमाचा आकडा, लहान असेल ती निवडतो, आणि मेट्रिक सारखेच असेल तर कोणते कार्ड आधी सुरू झाले यासारख्या योगायोगावर निकाल जातो. तुमचे इंटरनेट कधी चालते आणि कधी नाही, याचे बहुधा हेच कारण आहे.

म्हणून डीफॉल्ट गेटवे फक्त पहिल्या कार्डावर ठेवा. दुसऱ्या कार्डाला पत्ता आणि सबनेट (त्या कार्डाच्या जाळ्याची व्याप्ती) एवढेच द्या, आणि १०.३०.०.० हे जाळे १०.२०.०.१ या राउटरमार्गे गाठायचे आहे, अशी स्वतंत्र स्टॅटिक राउटची, म्हणजे हाताने ठरवलेल्या मार्गाची, नोंद करा. दुसऱ्या कार्डाचा पत्ता डीएचसीपीकडून (पत्ते आपोआप वाटणारी सेवा) येत असेल, तर गेटवेही त्याच्यासोबत आपोआप येतो. तो घेऊ नये असे नेटप्लॅनच्या, म्हणजे उबुंटूच्या नेटवर्क मांडणीच्या, फाइलमध्ये स्पष्ट सांगावे लागते. बदलानंतर ‘आयपी राउट गेट’ या आदेशापुढे एखादा पत्ता लिहून पाहा. त्या पत्त्याकडे जाणारे पॅकेट कोणत्या कार्डातून आणि कोणत्या गेटवेने निघेल हे कर्नल स्वतःच सांगतो, आणि अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे फार बरे.

पिंगचे कोडे मात्र गेटवे सुधारूनही कदाचित सुटणार नाही. पलीकडच्या जाळ्यातून १९२.१६८.१.१० साठी निघालेले पॅकेट पहिल्या राउटरमार्गे पहिल्या कार्डावर येत असावे, पण १०.३०.०.० कडे परत जाण्याचा सर्व्हरचा मार्ग दुसऱ्या कार्डातून आहे. ‘आरपी फिल्टर’ ही कर्नलची मांडणी आलेल्या पॅकेटच्या उगमाकडे परतीचा मार्ग तपासते. तिची किंमत १, म्हणजे कडक असेल, तर कर्नल असे पॅकेट संशयास्पद मानून गुपचूप टाकून देतो. टीसीपीडंपमध्ये (पॅकेट पाहण्याचे साधन) पॅकेट आलेले दिसते आणि तरी उत्तर जात नाही, हे त्याचे ठळक लक्षण आहे. सर्वांत सरळ उपाय म्हणजे तेथून १०.२०.०.५ हाच पत्ता वापरणे. ते शक्य नसेल तर ‘आयपी रूल’ने असा नियम करा, की ज्या पॅकेटचा उगम १९२.१६८.१.१० आहे, त्याने वेगळा राउटिंग तक्ता पाहावा, आणि त्या तक्त्यात पहिल्या राउटरचा गेटवे लिहा. प्रत्येक तक्त्याला स्वतःचा डीफॉल्ट गेटवे असू शकतो. दोन गेटवे खरोखर हवे असतील तर त्यांची योग्य जागा हीच आहे. नियमासोबत ‘आरपी फिल्टर’ २, म्हणजे सैल, ठेवणेही गरजेचे ठरू शकते.

‘आयपी’ आदेशाने केलेले बदल रीस्टार्टनंतर पुसले जातात. कायमची नोंद नेटप्लॅनच्या फाइलमध्येच करावी. दुरून एसएसएचने (दूरच्या यंत्रावर लॉगिन करण्याची सोय) काम करत असाल तर ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा. १२० सेकंदांत तुम्ही बदलाला दुजोरा दिला नाही, तर तो जुनी मांडणी परत आणतो. कोणते नाव कोणत्या कार्डाचे, याबद्दल शंका असल्यास ‘ईथटूल’ या आदेशाचा पी (-p) हा पर्याय त्या कार्डाचा दिवा लुकलुकवतो, बहुतेक कार्डांना ही सोय असते.

प्रश्न : दोन्ही कार्डे एकाच स्विचला जोडून, एकाच सबनेटमधील दोन पत्ते दिले तर वेग दुप्पट होईल का?

उत्तर : नाही. लिनक्स पत्ता कार्डाचा नव्हे, तर यंत्राचा मानतो, त्यामुळे एका कार्डाच्या पत्त्याबद्दलच्या एआरपी विचारणेला (‘हा पत्ता कोणत्या कार्डाचा?’ या जाळ्यातील प्रश्नाला) दुसरे कार्डही उत्तर देते, आणि बाहेर जाणारी वाहतूक बहुधा एकाच कार्डातून जाते. यासाठी बाँडिंग करावे, म्हणजे दोन्ही कार्डे जोडून एकच कार्ड असल्यासारखी वापरावीत. ‘ॲक्टिव्ह-बॅकअप’ प्रकारात एक कार्ड बंद पडले की दुसरे काम उचलते आणि स्विचवर काहीही बदलावे लागत नाही, ८०२.३एडी या दुसऱ्या बाँडिंग प्रकारासाठी मात्र स्विचवरही एलएसीपी (जोडण्या एकत्र करण्याचा प्रोटोकॉल) सुरू असावे लागते. त्यात वाहतूक दोन्ही कार्डांवर वाटली जाते, पण कोणतीही एक जोडणी एकाच कार्डावरून जात असल्याने, १ गिगाबिटच्या दोन कार्डांवर एकच मोठी फाइल पाठवताना वेग १ गिगाबिटच्या आतच राहील.